लाव्यांचे ताट

सकाळी साडेसहाला पाट्यावर मूठभर सुका जवळा वाटायला घेतला की त्याचा वास परसदारातून थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो, म्हणून सासूबाई पूजेला बसण्यापूर्वी हे काम उरकून टाकण्याची सवय मी लावून घेतली आहे. वाटलेला जवळा बाजरीच्या भरडीत मिसळायचा, हौदातून काढलेला अझोला (ही एक पाणवनस्पती) दोन पाण्यांतून धुऊन निथळत ठेवायचा, डब्यातल्या अळ्या चाळून घ्यायच्या, अंड्यांच्या कवचांची भरड वेगळ्या वाटीत काढायची आणि प्रत्येक जिन्नस तराजूवर तोलायचा. सगळे मिळून सुक्या हिशोबाने ३०० ग्रॅम भरले पाहिजे, कारण पिंजऱ्यात बारा लावे आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम खाद्य लागते. बोरिवली पश्चिमेच्या गावठाणातल्या आमच्या बैठ्या घरामागे अठरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद एवढेच परस उरले आहे. तेवढ्या जागेत पिकणाऱ्या अन्नावर पक्षी जगवता येतील का, हा प्रश्न चार वर्षांपूर्वी माझ्या मनात आला तेव्हा त्याचे उत्तर मला फार सोपे वाटले होते. ते सोपे नव्हते, आणि माझ्या समजुतीची किंमत एका लावीने जीव देऊन चुकवली, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटते.

लावा म्हणजे कोणता पक्षी, हे आधी सांगितले पाहिजे. लावे-तितर अशी जोडी आपल्या बोलण्यात आहे, पण तिथे अभिप्रेत असलेला रानातला लावा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. मी पाळते तो जपानी लावा. बाजारात त्याला बटेर किंवा क्वेल म्हणतात, आणि अनेक पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढल्यामुळे तो आता कोंबडीसारखाच पाळीव झाला आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे, जिथे आता केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, १९७४ मध्ये तो भारतात आणला गेला. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येते, तीन आठवड्यांत नराची छाती तांबूस आणि मादीची ठिपकेदार दिसू लागते आणि सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते. आपल्या डोळ्यांसमोर दीड महिन्यात पूर्ण वाढणारा पक्षी, आणि तोही ओंजळीत मावणारा.

ही घाईच त्याच्या खाण्याच्या प्रश्नाचे मूळ आहे. माझ्या लाव्या १८० ते २०० ग्रॅमच्या आहेत आणि त्यांचे अंडे ११ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे मादी रोज आपल्या वजनाच्या जवळजवळ सहा टक्के वजनाचे अंडे घालते. दीड किलोची कोंबडी ५५ ग्रॅमचे अंडे घालते ते तिच्या वजनाच्या चार टक्क्यांहूनही कमीच असते. एवढ्याशा देहातून रोज एवढे बाहेर पडत असेल तर तेवढे आत जायला हवे, हे कागदावर लिहिले की कोणालाही पटते. मला ते कागदावर लिहायचे सुचायला वेळ लागला.

मला ते सुचले नाही याचे कारण माझी आजी होती. रत्नागिरीकडच्या आमच्या घरी आजीच्या कोंबड्यांसाठी कधी खाद्य विकत आणल्याचे मला आठवत नाही. सकाळी खुराडे उघडल्यावर मूठभर कण्या आणि थोडा कोंडा ती अंगणात फेकायची आणि उरलेला दिवस कोंबड्या आपापले बघायच्या. पिल्ले निघाली की ती जुने मडके घ्यायची, त्यात ओला पेंढा आणि शेण भरायची आणि वारुळाजवळच्या जमिनीवर ते उपडे घालून ठेवायची. दोन-तीन दिवसांनी मडके उचलले की आत वाळवी भरलेली असायची आणि ती पिल्लांपुढे झटकली की पिल्ले तुटून पडायची. लहानपणी मला तो खेळ वाटे. प्रत्यक्षात ती पिल्लांना प्रथिने देत होती, आणि कण्या-कोंड्यावर वाढलेल्या म्हणून आम्ही ज्यांना ओळखत होतो त्या कोंबड्या दिवसभर गांडुळे, नाकतोडे, शेणातले किडे आणि बिया वेचून आपले ताट स्वतःच पुरे करत होत्या. आजी देत होती तो त्यातला एक घास होता. बाकीचे जेवण कोंबडीची चोच निवडत होती.

लाव्याला मोकळे सोडता येत नाही. तो भुर्रकन उडतो, परत येत नाही, आणि गावठाणात मांजरे, घारी आणि कावळे त्याची वाटच पाहत असतात. त्याला पिंजऱ्यात ठेवावे लागते आणि पिंजऱ्यात ठेवलेल्या पक्ष्याच्या चोचीला निवडण्यासारखे काही उरत नाही; आपण जे समोर ठेवू तेच त्याचे जग. आजीच्या अंगणातली अर्धी गोष्ट उचलून मी ती पिंजऱ्यात नेली, ही माझी मूळ चूक होती.

तयार खाद्य सोडण्यामागे माझा राग नव्हता. त्या पोत्यात मका, सोयाबीन पेंड, खनिजे, जीवनसत्त्वे आणि प्रथिनांतला मेथिओनिन हा घटक मोजून घातलेला असतो, आणि ते ज्यांनी बसवले त्यांना पक्ष्याचे शरीर माझ्यापेक्षा फार चांगले ठाऊक आहे. अडचण मुंबईची होती. पोते ५० किलोचे येते. माझ्या बारा पक्ष्यांना महिन्याला नऊ किलो लागते, म्हणजे एक पोते साडेपाच महिने पुरणार. खाडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरात जून ते सप्टेंबर मिठाला पाणी सुटते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते, तिथे साडेपाच महिने उघडे राहिलेले खाद्य पक्ष्यांना घालणे मला पटेना. सुटे खाद्य मिळते, परंतु ते कोणत्या महिन्यातले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दुसरीकडे रोज सव्वा-दीड किलो भाजीचा ओला कचरा घरातून जात होता, परसदारी शेवगा होता, माठ होता, आणि आजी आठवत होती. मी पोते आणणे बंद केले.

पहिले चार-पाच दिवस सगळे छान दिसले. भिजवलेले मूग, बाजरी, तांदळाची कणी, माठाची कोवळी पाने, कोथिंबिरीच्या काड्या असे हिरवे-पिवळे ताट मी त्यांच्यापुढे ठेवत होते आणि ते आवडीने खात होते. खाणे आवडणे आणि खाणे पुरणे यांतला फरक पक्षी बोलून दाखवत नाही. तो त्याच्या अंड्यांवर आधी दिसतो.

लाव्याच्या अंड्यावरचे तपकिरी-काळे डाग हे त्या मादीचे हस्ताक्षर असते. एकीच्या अंड्यावर मोठे, पसरट, शाईच्या डागासारखे ठिपके. दुसरीच्या अंड्यावर मिरी दळून शिंपडावी तशी बारीक नक्षी. आणि प्रत्येक मादी जन्मभर साधारण आपल्याच धर्तीची नक्षी काढते. त्यामुळे संध्याकाळी अंडी गोळा करताना (लाव्या बहुधा दुपारनंतर अंडी घालतात) कोणाचे अंडे आहे आणि कोणाचे नाही हे मला कळत असे. नवव्या-दहाव्या दिवशी मोठ्या डागांच्या लावीचे अंडे हातात घेतले तेव्हा ते बोटांखाली चेपले. दोन दिवसांनी तिने अगदी कवचाविना, नुसत्या पातळ पापुद्र्यातले अंडे घातले. त्याच सुमारास दोन माद्यांच्या पाठीवरची पिसे उपटलेली दिसू लागली आणि एका जागी रक्त आले. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या डागांची लावी पिसे फुगवून कोपऱ्यात बसून राहिली, शेपटीखाली वारंवार कळा देत राहिली, आणि मी तिला कोमट पाण्याचा शेक देत असतानाच संध्याकाळी माझ्या हातात गेली. तिचे अंडे आत अडकले होते.

मादी कवच बनवते ते चुन्याचे. खाण्यातून कॅल्शियम कमी पडले की ती आपल्या हाडांतला साठा काढून वापरते. पक्ष्यांच्या माद्यांच्या लांब हाडांत यासाठीच एक खास थर असतो. तोही संपला की कवच पातळ होते, आणि अंडे पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागत असल्यामुळे मऊ अंडे आतच अडकून बसते. माझ्या ताटात बाजरी, कणी आणि मूग होते. यांपैकी कशातच पुरेसे कॅल्शियम नाही. जी पालेभाजी मी कौतुकाने वाढत होते त्या माठात, राजगिऱ्यात आणि पालकात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य भरपूर असते, आणि ते असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. पिसे उपटणे हे बऱ्याचदा प्रथिने, आणि त्यातही मेथिओनिन, कमी पडल्याचे लक्षण असते, कारण पीस हे जवळजवळ निव्वळ प्रथिन आहे. हे सगळे मी ती लावी गेल्यानंतर वाचले आणि समजून घेतले. त्या रात्री मी पुन्हा तयार खाद्य घरात आणले आणि सहा महिने दुसरे काहीही घातले नाही.

मात्र त्या सहा महिन्यांत मी वही घातली. अंड्यावर असलेल्या लाव्याला खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने लागतात. ३०० ग्रॅमचे २० टक्के म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम. बाजरीत १०-११ टक्के प्रथिने असतात. १८० ग्रॅम बाजरीतून २० ग्रॅमच्या आसपास मिळतात. उरलेले ४० ग्रॅम परसदारातून आणि आसपासून कसे उभे करायचे, एवढा एकच प्रश्न मी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, आणि पुढचे सगळे काम त्याच्या उत्तराचे आहे.

पहिले उत्तर अझोल्याचे आले. पाण्यावर तरंगणारे हे नेचे आपल्या पानांच्या पोकळीत एका निळ्या-हिरव्या शेवाळाला आश्रय देते आणि ते शेवाळ हवेतला नायट्रोजन धरून देते, म्हणून एवढ्याशा पाण्यात प्रथिने पिकतात. सहा फूट बाय साडेतीन फूट मापाच्या विटांच्या चौकटीवर जाड ताडपत्री अंथरून मी वीतभरापेक्षा थोडे कमी पाणी भरले, चाळलेली माती आणि दहिसरच्या तबेल्यातून आणलेले थोडे शेण कालवले आणि मूठभर अझोला सोडला. दोन आठवड्यांत हौद हिरवागार झाला आणि रोज ३५०-४०० ग्रॅम काढता येऊ लागला. ऐकायला हे भरघोस वाटते. पण त्यातले ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ४०० ग्रॅम ओला अझोला वाळला की २५ ग्रॅम उरतो आणि त्यातली प्रथिने सहा ग्रॅम. चाळीसपैकी सहा. अझोला पक्ष्याचे पूर्ण खाद्य आहे असे सांगणाऱ्यांना मी आता ही वजाबाकी दाखवते, कारण २०० ग्रॅमच्या पक्ष्याने पोट भरेपर्यंत अझोला खाल्ला तर त्याचे पोट पाण्याने भरते. तरीही तो मी सोडला नाही. त्याने बलकाला रंग येतो, आणि पिंजऱ्यात ओंजळभर टाकला की लावे तो विस्कटत, वेचत अर्धा तास गुंतून राहतात आणि एकमेकांच्या पिसांकडे वळत नाहीत.

मुंबईत पाणी साठवायचे म्हणजे डासांचे उत्तर तयार असले पाहिजे. अझोल्याचा थर दाट असला की डासांना अंडी घालायला पृष्ठभाग मिळत नाही, पण मे महिन्याच्या उन्हात थर विरळ होतो आणि मग मध्येच उघडे पाणी दिसू लागते. महापालिकेच्या कीटकनियंत्रण खात्याचे कर्मचारी पावसाळ्याआधी घरोघरी पाणी तपासत येतात, त्यांनी हौद पाहिला आणि गप्पी मासे सोडण्याचा सल्ला दिला. आता हौदात तीस-चाळीस गप्पी आहेत आणि हौदावर गोणपाटाची सावली आहे. डेंग्यूने वस्तीतली माणसे रुग्णालयात जाताना मी पाहिली आहेत. माझ्या पक्ष्यांच्या सहा ग्रॅमसाठी कोणाच्या घरात ताप जावा हे मला चालणार नाही, म्हणून आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन हौदाचे कोपरे तपासणे हा त्या पिकाचाच भाग मी मानते.

खरे उत्तर कचऱ्याच्या डब्यात होते. भाजीच्या देठांचा आणि सालींचा डबा परसदारी बरेच दिवस उघडा राहिला तेव्हा त्यात करड्या-पांढऱ्या, जाडसर अळ्या वळवळताना दिसल्या आणि मी तो फेकायला निघाले होते. त्या घरमाशीच्या नव्हत्या. त्या काळ्या सैनिक माशीच्या होत्या. ही माशी दिसायला गांधीलमाशीसारखी काळी, लांबट असते, पण ती चावत नाही आणि आपल्या अन्नावर बसत नाही, कारण प्रौढ माशी काही खातच नाही. तिचे थोड्याशा दिवसांचे आयुष्य जोडीदार शोधण्यात आणि कुजणाऱ्या पदार्थाजवळच्या कोरड्या फटीत अंडी घालण्यात जाते. खायचे सगळे काम अळीचे. मुंबईच्या दमट उष्ण हवेत अळी दोन-तीन आठवड्यांत भरते, आणि तिच्या सुक्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. शिवाय कॅल्शियमही इतर किड्यांच्या तुलनेत पुष्कळ असते. म्हणजे माझ्या पहिल्या ताटात ज्या दोन गोष्टींची उणीव होती त्या दोन्ही या अळीत होत्या, आणि ती माझ्या घरच्याच दुधीच्या सालींवर वाढत होती. आजीचे मडके मला पुन्हा सापडले होते.

हे काम बसायला वर्ष लागले. डब्यात पाणी साचले की दुर्गंधी येते, म्हणून तळाला भोके पाडून खाली थाळी ठेवावी लागते आणि ओल शोषायला नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा लागतो. आमटी-भाजीचे खरकटे मी त्यात घालत नाही, कारण त्यातले मीठ आणि तेल अळीतून पक्ष्याकडे जावे असे मला वाटत नाही. मांस-मासळीचा कचराही नाही. वाढ पूर्ण झाली की अळी काळपट होते आणि कोषात जाण्यासाठी कोरडी जागा शोधत स्वतःच डब्याबाहेर चढून येते. हे मला माहीत नव्हते तेव्हा एका पावसाळी रात्री शंभर-दीडशे अळ्या भिंतीवरून शेजारच्या घराच्या पायरीवर गेल्या. शेजारच्या मावशी सकाळी दार उघडून किंचाळल्या आणि त्यांचे बरोबर होते. मी त्यांची पायरी धुऊन दिली, क्षमा मागितली आणि त्याच आठवड्यात डब्याला तिरकी पन्हळ बसवून तिच्या टोकाला कोरड्या भुश्याची बरणी लावली. आता चढणाऱ्या अळ्या आपसूक बरणीत पडतात. त्यांतल्या थोड्या कोषात जाऊ देते, म्हणजे माश्यांची पुढची पिढी तयार राहते, आणि उरलेल्या अळ्या धुऊन, उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून ताटात जातात. दिवसाला १५० ग्रॅम ओल्या अळ्या मिळाल्या की २० ग्रॅमच्या वर प्रथिने झाली. मावशींच्या घरच्या साली आता माझ्याकडेच येतात.

अझोला आणि अळ्या मिळून सव्वीस-सत्तावीस ग्रॅमपर्यंत हिशोब जातो. उरलेली तूट भरायला जवळा आला, आणि तो माझ्या परसदारात पिकत नाही हे मी मान्य करते. पण तो गोराईच्या खाडीपलीकडून, मनोरी-गोराईच्या कोळणींच्या टोपलीतून येतो, आणि या किनाऱ्यावरच्या माणसाला तो परका म्हणवत नाही. सुक्या जवळ्यात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि धान्य-कडधान्यात जे मेथिओनिन कमी पडते ते त्यातून मिळते. ज्या कोळीण मावशींकडून मी मासळी घेते त्यांना हा पक्ष्यांसाठी आहे हे सांगितले तेव्हा त्यांनी टोपलीच्या तळाशी हात घातला आणि वेगळा वाटा काढून दिला. “ह्यो नुसता उन्हान सुकवलेला हाय. मीठ मारलेला पाखरांना नको घालू, बाय,” एवढेच त्या म्हणाल्या. मीठ जास्त झाले की पक्षी दगावतात हे मी पुस्तकात वाचले होते. त्यांना ते कोणी लिहून दिले नव्हते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेरीस दोन किलो जवळा घेऊन, पुन्हा कडक ऊन दाखवून, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावा लागतो. गिरणीवाले दादा बाजरी भरडून देतात, पण जवळा दळायला नाही म्हणतात. त्याच जात्यात मागून कोणाच्या चपातीचे पीठ पडणार असते, त्यामुळे त्यांचा नकार मला योग्यच वाटतो. म्हणून पाटा-वरवंटा. दिवसाला ३० ग्रॅम, त्यात चमचाभर तीळ, आणि पानावरची बेरीज साठच्या थोडी पुढे जाते.

पावसाळ्यात या बेरजेवर विसंबता येत नाही. दुसऱ्या वर्षी तीळ महाग वाटल्यामुळे मी शेंगदाण्याची पेंड आणली होती. जुलैच्या एका आठवड्यात ऊन पडले नाही आणि पेंडीच्या तुकड्यांच्या आत पिवळसर-हिरवी बुरशी धरलेली मला वरून दिसली नाही. तीन पक्षी मलूल झाले, खाणे सोडले. पेंड फोडून पाहिली तेव्हा कारण कळले आणि सगळी पेंड फेकून दिल्यावर सुदैवाने तिघेही सावरले. इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, आणि शोध घेता घेता त्याचे मूळ ब्राझीलमधून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या अशाच बुरशीत सापडले. अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला त्यातून कळले. ते शिजवल्याने जात नाही, वाळवल्याने जात नाही. बुरशी खरवडून उरलेले घालावे असा काटकसरीचा विचार स्वयंपाकघरात अनेकदा केला जातो. पक्ष्यांच्या बाबतीत तो मी पूर्णपणे सोडून दिला आहे. शेंगदाणा पेंड माझ्या घरात पुन्हा आली नाही. बाजरी पावसाळ्यात मी आठवड्यापुरतीच भरडून आणते, ती कढईत कोरडी भाजते, आणि संध्याकाळी पिंजऱ्यातले उरलेले खाद्य काढून घेते, कारण सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि मुंबईच्या पावसात उंदरांबरोबर लेप्टोस्पायरोसिसही येतो.

आणखी एक गोष्ट मला पावसाळ्यातच कळली. कवचांची भरड वाटीत कायम असूनही ऑगस्टमध्ये दोन माद्यांची अंडी पुन्हा पातळ झाली. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते, ते उन्हात कातडीत तयार होते, आणि आमचा पिंजरा तेव्हा दोन महिने प्लास्टिकच्या पडद्याआड होता. तयार खाद्यात ते जीवनसत्त्व घातलेले असते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्या मिश्रणात एक तृतीयांश भाग तयार खाद्याचा असतो; परिसरातल्या आणखी दोन पक्षीपालकांसह आम्ही एक पोते वाटून घेतो, त्यामुळे ते शिळे होत नाही. घरच्या अन्नाच्या कैवाऱ्यांना ही तडजोड वाटेल. मला ती वाटत नाही. “घरचे आहे म्हणजे चांगलेच” हे वाक्य मी एकदा मनाशी म्हटले होते आणि त्यानंतर एक लावी माझ्या हातात गेली आहे.

पिल्लांच्या बाबतीत तर मी अजिबात प्रयोग करत नाही. लाव्याचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा सात-आठ ग्रॅमचे, भुंग्यापेक्षा थोडेसेच मोठे असते आणि त्याच्या खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात. इतक्या नाजूक गणितात माझ्या पाट्यावरची चूक त्याला पांगळे करू शकते. पहिले चार आठवडे त्याला तयार बारीक खाद्य, वर पाहिजे तर चिरडलेली अळी. थंडीत अंडी कमी झाली म्हणून एकदा मी खाद्यात आठ दिवस फेरफार करत बसले होते, तेव्हा दोष खाद्याचा नव्हता. डिसेंबरात मुंबईचा दिवस अकरा तासांचा होतो आणि लावीला अंड्यावर राहायला चौदा-सोळा तास उजेड लागतो. लहानसा दिवा संध्याकाळी तीन-चार तास लावला आणि अंडी परत आली. सगळेच ताटात शोधायचे नसते.

पायरी धुऊन दिल्यानंतर ज्यांच्याशी माझी खरी मैत्री झाली त्या शेजारच्या मावशी ख्रिस्ती आहेत. एकदा अंडी द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बायबलातली गोष्ट सांगितली. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांनी मांसाचा हट्ट धरला, देवाने वाऱ्याबरोबर समुद्राकडून लाव्यांचे थवे आणून पाडले, आणि ते खाताखाताच लोकांवर मरी आली. मी घरी येऊन त्याविषयी वाचले. भूमध्य समुद्राच्या काठी स्थलांतर करणारे लावे खाऊन माणसे आजारी पडल्याच्या नोंदी प्राचीन काळापासून आजपर्यंत आहेत. पक्ष्याला काहीही होत नाही, परंतु त्याने वाटेत खाल्लेल्या एखाद्या विषारी वनस्पतीचा अंश मांसात राहतो आणि खाणाऱ्याचे स्नायू त्याने निकामी होतात, असे मानले जाते. माझ्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा त्या स्थलांतराशी संबंध नाही. पण त्या रात्री मी परसदारी गेले, हौदाच्या कडेला आपोआप उगवलेले आणि मला नाव ठाऊक नसलेले सगळे तण उपटून टाकले, आणि शेजारच्या बाल्कनीतल्या कुंड्यांवर कोणते औषध फवारतात तेही विचारून आले. आमच्या घरी ही अंडी माझी तीन वर्षांची नात खाते.

खर्चाचे कोणी विचारले तर मी खरे ते सांगते. जवळा आणि तीळ धरून हे खाद्य पोत्यापेक्षा स्वस्त पडत नाही, आणि रोजचा एक तास जातो. त्या तासात मी प्रत्येक पक्षी हातात घेऊन पाहते, विष्ठा पाहते, कोण मागे राहून खातो ते पाहते. पोते होते तेव्हा मी भांडे भरून आत निघून जात असे. पैशाने हा व्यवहार तोट्याचा असेल. तो मला सोडवत नाही.

गेल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली, प्लास्टिकचे पडदे गुंडाळून वर बांधले आणि सकाळचे ऊन पहिल्यांदा पिंजऱ्याच्या तळापर्यंत आले. लावे एका कुशीवर लवंडून, पंख पसरून, राखेच्या परातीत कितीतरी वेळ पडून होते. संध्याकाळी आठ अंडी मिळाली. त्यांतल्या एकावर मोठे, पसरट, शाईच्या डागासारखे ठिपके होते. त्या गेलेल्या लावीच्या अंड्यांतून पूर्वी निघालेल्या मादीच्या पोटची ही दुसरी पिढी, नुकतीच अंड्यावर आलेली. मी ते तळहातावर घेऊन अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले. कवच टणक होते.